आवडते नाणे आणि त्याचे गाव

इतिहासाची साधने म्हटली की आपल्यापुढे ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि प्रवासवर्णने उभी राहतात. नाण्यांचा उल्लेख पाठ्यपुस्तकात चार ओळींत उरकलेला असतो. वास्तविक प्राचीन भारतातील कित्येक राजे आपल्याला केवळ त्यांच्या नाण्यांमुळेच ठाऊक झाले आहेत. शिलालेख एका जागी उभा असतो. नाणे मात्र बाजारपेठा आणि घाटवाटा ओलांडून गावोगाव हिंडलेले असते. त्यामुळे शिलालेख राजाविषयी बोलतो, तर नाणे राजाबरोबरच व्यापारी, सावकार आणि शेतकरी यांच्याविषयीही बोलते.

खानदेशाला तर या साधनाचे विशेष महत्त्व आहे. आजचे जळगाव, धुळे आणि १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार हे जिल्हे म्हणजे तापी आणि तिच्या उपनद्यांचे खोरे होय. भडोच बंदरातून माळव्याकडे आणि दक्षिणेत पैठणकडे जाण्याच्या वाटा याच परिसरातून किंवा याच्या शेजारून जात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथाचा अज्ञात कर्ता पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे सांगतो आणि तेथला माल गाड्यांतून, दुर्गम रस्त्यांनी बंदरावर येत असल्याची नोंद करतो. चाळीसगावजवळची पितळखोऱ्याची लेणी आणि जळगावहून जवळ असलेली अजिंठ्याची लेणी या वाटांच्याच आधाराने उभी राहिली असावीत. जेथे मालाच्या गाड्या तेथे नाणीही आलीच.

आपल्या भागात प्राचीन नाणी जपणारी माणसे आहेत. त्यांची नावे देण्याचे कारण नाही, त्यांनाही ते आवडणार नाही. गेल्या सुट्टीत जळगाव आणि धुळे येथील अशा पाच जणांकडे मी गेलो आणि प्रत्येकाला एकच विनंती केली : आपल्या संग्रहातील सर्वांत आवडते नाणे दाखवा आणि ते का आवडते ते सांगा. त्या पाच नाण्यांचा अभ्यास म्हणजेच प्रस्तुत लेख होय.

१. नाव नसलेले नाणे

धुळ्याच्या एका निवृत्त गुरुजींनी कापसात गुंडाळलेला चांदीचा एक वेडावाकडा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. ते आहत नाणे होते. भारतातील सर्वांत जुन्या नाण्यांचा हा प्रकार. चांदीचा पत्रा कापून त्याचे तुकडे करावयाचे, वजन जास्त भरले तर कोपरा छाटावयाचा आणि मग त्यावर एकेक ठसा मारावयाचा, अशी ही पद्धत. मौर्यकाळात प्रचलित असलेल्या या नाण्यांवर एका बाजूस सर्वसाधारणपणे पाच चिन्हे आढळतात : सूर्य, सहा आऱ्यांचे चक्र, कमानींचा डोंगर, झाड, एखादा प्राणी. राजाचे नाव नाही, साल नाही, एक अक्षरही नाही.

या नाण्याचे प्रमाण वजन ३२ रती, म्हणजे सुमारे ३.४ ग्रॅम. रती म्हणजे गुंज. आपल्या सराफ बाजारात जुन्या पिढीतील माणसे सोन्याचा हिशेब तोळा, मासा आणि गुंज यांतच करीत. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे नाणे आणि आजोबांच्या काळचे मंगळसूत्र एकाच रानवेलीच्या बियांनी तोलले गेले, ही गोष्ट गुरुजींना सर्वांत मोलाची वाटते.

“मला हा छाटलेला कोपरा आवडतो,” ते म्हणाले. “चिन्हे राजाची असतील, पण कोपरा कारागिराचा आहे. त्याने तोलले, जड वाटले, आणि छाटले.” नाण्याची मागची बाजू त्यांनी भिंगाखाली धरली. तेथे काही बारीक खुणा होत्या. नाणे हातोहात फिरत असता ते तपासणाऱ्यांनी अशा खुणा उमटविल्या, असे अनेक अभ्यासक मानतात.

२. एका नाण्यावर दोन राजे

जळगावच्या एका वकिलांचे आवडते नाणे म्हणजे महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासातला सर्वांत बोलका साक्षीदार म्हणावयास हरकत नाही. क्षहरात क्षत्रप नहपान याचे हे चांदीचे नाणे. मूळ नाण्यावर एका बाजूस राजाचा मुखवटा आणि ग्रीक अक्षरे, तर दुसऱ्या बाजूस बाण आणि वज्र ही चिन्हे व ब्राह्मी आणि खरोष्ठी लिपींतील लेख असतो. वकिलांच्या नाण्यावर मात्र नहपानाच्या चेहऱ्यावरच तीन कमानींचा डोंगर आणि त्याखाली वळणावळणाची रेघ उमटलेली आहे. भोवती ‘रञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’ या लेखाची काही अक्षरे दिसतात. पाठीमागे सातवाहनांचे सुप्रसिद्ध उज्जयिनी चिन्ह आहे. गौतमीपुत्र सातकर्णीने शत्रूचे नाणे वितळवले नाही. त्यावर आपला ठसा मारून तेच चालू ठेवले.

१९०६ साली नाशिकजवळील जोगळटेंभी येथे अशा नाण्यांचा फार मोठा निधी सापडला. त्यात १३,२५० च्यावर चांदीची नाणी होती आणि त्यांपैकी सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा होता. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी या निधीचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्व नाण्यांवर नाव एकट्या नहपानाचेच, पण चेहरे मात्र एकसारखे नाहीत. वय वेगळे, नाकाची ठेवण वेगळी, हेही त्यांनी नोंदविले.

नाशिकच्या पांडवलेण्यांतील शिलालेख या नाण्यांशेजारी ठेवून वाचले म्हणजे चित्र पुरे होते. नहपानाचा जावई उषवदात याने तेथील भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. त्यांपैकी २,००० दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी द्यावयाचे होते. हिशेब करून पाहा : २,००० वर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला २४०. वीस भिक्षूंचे बारा-बारा मिळूनही २४० च. शिल्लक काही राहत नाही आणि कमीही काही पडत नाही. याच लेखात ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण या दराने ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण असाही हिशेब दिलेला आहे.

पुढे सातवाहनांचे राज्य आले. गौतमीपुत्राने आपल्या अठराव्या राज्यवर्षी पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेले शेत भिक्षूंना दिल्याचा लेखही याच लेण्यांत आहे आणि त्याच्या मातेच्या, बलश्रीच्या लेखात त्याला क्षहरात कुळाचा निःशेष उच्छेद करणारा म्हटले आहे. तेथे अतिशयोक्ती असेल असे एखादा म्हणू शकला असता. जोगळटेंभीच्या नाण्यांनी तो संशय फेडला. नहपानाच्या लेखांतील ४१ ते ४६ ही वर्षे शकांची की त्याच्या राज्यकारभाराची, हा वाद मात्र अभ्यासकांत दीर्घकाळ चालला. ती शकांची मानली तर नहपान इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात येतो. राज्यवर्षे मानली तर पहिल्या शतकात.

३. शिशाचे नाणे

गिरणाकाठच्या एका शेतकऱ्याकडे मी गेलो ते केवळ कोणीतरी नाव सुचविले म्हणून. आप्पांचा संग्रह म्हणजे पत्र्याची एक डबी. तिच्यात ब्रिटिशांच्या काळचे पैसे, भोकाचा पैसा आणि तळाशी कागदात बांधलेले एक काळपट, जड, वाटोळे नाणे. “हाई मन्हा वावरमा सापडेल शे,” ते म्हणाले. कोणत्या वावरात, बांधापासून किती अंतरावर, कोणत्या वर्षी विहिरीची माती काढताना, हे सर्व त्यांना तोंडपाठ होते.

नाणे शिशाचे होते. एका बाजूस सोंड उंचावलेला हत्ती अंधुक दिसत होता, तर दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्हाची दोन वर्तुळे. कडेची अक्षरे झिजून गेली होती. एवढ्या खुणांवरून हे नाणे सातवाहन काळातील म्हणावयास हरकत नाही. राजा कोण, हे सांगता येत नाही. सातवाहनांनी शिसे, तांबे आणि पोटीन नावाची मिश्र धातू यांची नाणी विपुल पाडली. शिसे हलके मानले जाते, पण ते त्या काळी बाहेरून येत होते. भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत पेरिप्लसच्या कर्त्याने तांबे आणि कथील यांच्याबरोबर शिशाचेही नाव दिले आहे. म्हणजे आप्पांच्या वावरातील नाण्याची धातू कदाचित समुद्रापलीकडून आलेली असेल. रोजच्या बाजारात मीठ, तेल, धान्य घ्यावयास चांदीचे नाणे कोण मोडणार? त्यासाठी हीच हलकी नाणी हवीत. गिरणेच्याच काठी बहाळ येथे उत्खनन होऊन ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे पुरावे मिळाले आहेत. तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशे येथेही १९५५ साली बा. कृ. थापर यांनी उत्खनन केले. नदीकाठची ही गावे किती जुनी आहेत याची त्यावरून कल्पना येते.

४. साल सांगणारे नाणे

चौथे नाणे एका प्राध्यापकांचे. पश्चिमी क्षत्रपांचे चांदीचे नाणे आकाराने करंगळीच्या नखापेक्षा थोडे मोठे आणि वजनाने दोन ग्रॅमच्या आसपास असते. परंतु त्यावर जेवढी माहिती मावली आहे तेवढी आपल्याकडच्या फार थोड्या प्राचीन नाण्यांवर सापडेल. दर्शनी बाजूस राजाचा मुखवटा आणि डोक्यामागे शक वर्षाचे आकडे. मागच्या बाजूस कमानींचा डोंगर आणि भोवती राजाचे नाव, त्याचे पद, तसेच त्याच्या पित्याचे नाव व पद.

आकडे वाचावयाचे ते आपल्या पद्धतीने नव्हेत. शून्याची स्थानमूल्य पद्धती तेव्हा या नाण्यांवर नव्हती. शंभरासाठी एक चिन्ह, चाळिसासाठी दुसरे, चारासाठी तिसरे. ती एकापुढे एक मांडली की १४४. अशी नाणी क्रमाने लावली की वंशावळ आपोआप तयार होते. पहिल्या रुद्रसिंहाचे पुत्र रुद्रसेन, संघदामन आणि दामसेन हे तिघे भाऊ एकामागून एक महाक्षत्रप झाले, हे नाण्यांवरूनच कळते. राज्य बापाकडून मुलाकडे न जाता भावाकडून भावाकडे जात होते, हा त्या घराण्याचा रिवाज कोणत्याही ग्रंथात लिहिलेला नाही. भगवानलाल इंद्रजी यांनी या नाण्यांचा पाया घातला. १८८८ साली ते वारल्यानंतर त्यांचा लेख रॅप्सन यांनी संपादून छापला आणि १९०८ साली ब्रिटिश म्युझियमच्या सूचीत या सर्व नाण्यांची शिस्तवार मांडणी केली.

“विद्यार्थ्याला सनावळ्यांचा कंटाळा येतो,” प्राध्यापक म्हणाले. “त्याच्या हातात हे नाणे द्यावे आणि सन स्वतः काढावयास सांगावा. कंटाळा जातो.” मला त्यांनी तसेच करावयास लावले. पाऊण तास लागला.

५. राजामागे दीडशे वर्षे

पाचवे संग्राहक जळगावच्या सराफ बाजारातले. मोडीत आलेल्या चांदीच्या ढिगातून, मुशीत जाण्यापूर्वी, त्यांच्या वडिलांनी एक लहानसे नाणे बाजूला काढले होते. एका बाजूस राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूस बसलेला नंदी आणि भोवती ब्राह्मी लेख : ‘परममाहेश्वर मातापितृपादानुध्यात श्रीकृष्णराज’.

हा कृष्णराज कोण, यावर अभ्यासकांत पुष्कळ चर्चा झाली. राष्ट्रकूट घराण्यात कृष्ण नावाचे राजे होऊन गेल्यामुळे प्रथम ही नाणी त्यांची मानली गेली. पुढे ती सहाव्या शतकाच्या उत्तरार्धातील कलचुरी राजा कृष्णराज याची असल्याचे निश्चित झाले. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी कलचुरींच्या लेखांचे संपादन १९५५ साली प्रसिद्ध केले. नाशिकजवळील अंजनेरी येथे मिळालेल्या, इसवी सन ७१० च्या सुमाराच्या भोगशक्तीच्या ताम्रपटात ‘कृष्णराज रूपक’ या नाण्यांचा उल्लेख आहे. राजा जाऊन दीडशे वर्षे झाली, त्याचे घराणे मागे पडले, तरी त्याच्या नावाचे नाणे लोक घेत-देत होते.

सराफांना हे नाणे का आवडते? “राजाला लोक विसरले, चांदीला विसरले नाहीत,” ते हसून म्हणाले. मग थोडे थांबून पुढे बोलले, “वडिलांनी एक काढले. त्या ढिगात अजून किती होती कोण जाणे. तेव्हा कोणी पाहत नसे.”

एक राहिलेले नाणे

पाचांपैकी कोणाकडेही देवगिरीच्या यादवांचा सोन्याचा पद्मटंक नव्हता. मध्ये आठ पाकळ्यांचे कमळ आणि कडेला राजाचे नाव, ‘श्री’ व शंख यांचे वेगवेगळे ठसे, असे ते देखणे नाणे. मात्र त्या काळचे चलन समजून घ्यावयास सोने जवळ असण्याची गरज नाही. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’च्या आरंभीच कोष्टक दिले आहे : वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. म्हणजे एका द्रम्माच्या १,२८० कवड्या आणि एका निष्काच्या २०,४८०. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला तो आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण्यास. तेथील शिलालेख इसवी सन १२०७ च्या सुमाराचा आहे. त्या मठात मुले हेच कोष्टक घोकीत असतील, अशी कल्पना करावयास जागा आहे.

न विचारलेला प्रश्न

पाचही नाणी पाहून झाल्यावर मी प्रत्येकाला दुसरा प्रश्न विचारला : हे नाणे कोठे सापडले? गुरुजींना ते एका मित्राने दिले होते. वकिलांनी मुंबईस लिलावात घेतले. प्राध्यापकांनी नाशिकच्या एका प्रदर्शनात विकत घेतले. सराफांच्या वडिलांना मोड कोणी आणली ते आठवत नव्हते. उत्तर मिळाले ते फक्त आप्पांकडून.

येथे या विषयातील खरा पेच आहे. बाजारात किंमत लावली तर आप्पांचे शिशाचे नाणे पाचांत सर्वांत शेवटी येईल. अक्षरे झिजलेली, धातू हलकी, जातही विपुल. परंतु खानदेशाच्या इतिहासाला या पाचांपैकी एकच नाणे काही नवे सांगते आणि ते हेच : सातवाहन काळी गिरणेच्या या काठावर शिशाचे चलन पोहोचले होते. बाकीची चार नाणी सुंदर आहेत, शिकवणारी आहेत, पण ती आपल्या भागात पूर्वीपासून होती की अलीकडे बाहेरून आली, हे सांगावयास कोणी नाही.

जोगळटेंभीचेच उदाहरण घ्या. वकिलांकडे असलेल्या एका नाण्यावरून एवढेच कळते की नहपानानंतर गौतमीपुत्राचा अंमल आला. संपूर्ण निधी एकत्र मोजला गेला म्हणून पुढची गोष्ट कळली : शेकडा सत्तर नाण्यांवर नवा ठसा पडला होता आणि शेकडा तीस नाणी जुनीच होती. ठसा मारण्याचे काम केवढ्या मोठ्या प्रमाणावर झाले आणि तरीही जुनी नाणी त्याच गाडग्यांत कशी राहिली, हा विचार त्या आकड्यांशिवाय सुचलाच नसता. ती नाणी मोजणीपूर्वीच तेरा हजार हातांत वाटली गेली असती, तर आपल्याजवळ तेरा हजार सुंदर वस्तू उरल्या असत्या. इतिहासाचे पान उरले नसते.

मग शेतकरी सापडलेली नाणी दडवितात किंवा मोडतात का? मुख्य कारण भीती. ‘सरकार घेऊन जाईल’ ही समजूत घरोघर आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणे बंधनकारक आहे आणि लपविणे हा गुन्हा आहे, हे खरे. परंतु त्याच कायद्यात सापडणाऱ्याच्या हक्काचीही तरतूद आहे. निधीचा पूर्वीचा कोणी मालक सिद्ध झाला नाही, तर सर्वसाधारणपणे तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा व एक चतुर्थांश जमीनमालकाचा. आणि शासनाने तो घ्यावयाचे ठरविल्यास धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश देऊन घ्यावयाचा. मोडीत घालणाऱ्यास धातूची किंमतही पुरी मिळत नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांवरील नाणी देशाबाहेर नेण्यासही बंदी आहे. हे आपल्यापैकी किती जणांच्या घरी माहीत आहे?

आपण काय करू शकतो?

आपल्या महाविद्यालयात खेड्यापाड्यांतून विद्यार्थी येतात. प्रत्येकाच्या गावात कोणाच्या तरी देव्हाऱ्यात, पेटीत, डबीत एखादे जुने नाणे असते. ते मागू नये, विकत घेऊ नये, केवळ पाहून नोंद करावी. नोंदीसाठी फार साहित्य लागत नाही. सराफाच्या काट्यावर वजन, पट्टीने व्यास, पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीने घेतलेला दोन्ही बाजूंचा ठसा, आणि भ्रमणध्वनी असल्यास छायाचित्र. त्याबरोबर गाव, शिवार, सापडल्याचे वर्ष आणि सोबत आणखी काय सापडले ते. चिंच, लिंबू किंवा तेजाबाने नाणे घासून चकचकीत करू नये. त्याने मैलाबरोबर अक्षरेही जातात. कडेला ओतीव सांधा दिसला, किंवा एकाच जागी तंतोतंत सारखी पाच नाणी आढळली, तर नाणे बनावट असल्याचा संशय घ्यावा.

धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून उभे आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या निधनानंतर दहा दिवसांच्या आत खानदेशातील माणसांनी ते स्थापन केले. राजवाडे दप्तरांच्या शोधात गावोगाव पायपीट करीत. कागद रद्दीत जाण्यापूर्वी गाठावयाचा, ही त्यांची घाई होती. नाण्यांच्या बाबतीत ती घाई आज आपल्या वाट्यास आली आहे, कारण सराफाची मूस रद्दीवाल्यापेक्षा लवकर काम करते.

प्राध्यापकांशी बोलून मी एक साधी दोनशे पानी वही घेतली आहे. तिच्यात रकाने आखले आहेत : धातू, वजन, व्यास, चिन्हे, अक्षरे, गाव, शिवार, वर्ष. पहिल्या ओळीत आप्पांचे शिशाचे नाणे लिहिले आहे. अक्षरांच्या रकान्यात ‘वाचता येत नाहीत’ असे आहे. गाव आणि शिवाराचे रकाने मात्र भरलेले आहेत. त्याखाली गुरुजी, वकील, प्राध्यापक आणि सराफ यांची चार नाणी. त्यांचे इतर सर्व रकाने भरले आहेत आणि गावाचा रकाना कोरा आहे. सहाव्या ओळीपासून वही इतिहास विभागात सर्वांसाठी ठेवलेली आहे.